चार खेळ, एकच परिभाषा: कामाच्या नोंदी

९ जानेवारी

आजपासून काम सुरू. चार भूमिकाखेळांची (प्रत्येकाने एक पात्र घेऊन मिळून गोष्ट खेळायची, असे खेळ) मालिका आहे आणि चारही खेळांचा गाभा एकच: दोन सहाबाजूंचे फासे टाका, पात्राचा आकडा त्यात मिळवा, ठरलेला आकडा गाठला की काम फत्ते. आपापसात आम्ही त्यांना ‘दरी’, ‘समुद्र’, ‘वाडा’ आणि ‘अवकाश’ म्हणतो. पहिले तीन छापून झालेत, ‘अवकाश’चा मसुदा अर्धा आहे. त्याच्यासोबत पहिल्या तिघांची दुसरी आवृत्ती निघणार, आणि त्याआधी नियमांमधले शब्द चारही पुस्तकांत एका सुरात आणायचे. ते काम माझ्याकडे आलं आहे.

दिवसभर फक्त वाचलं, हातात पेन्सिल. तीन पुस्तकं, तीन लेखक, मध्ये मोठी अंतरं. फासे टाकून निकाल लावण्याला ‘दरी’त कसोटी म्हटलंय, ‘समुद्र’त चाचणी आणि ‘वाडा’त तपासणी. हे सोपं दुखणं, ‘कसोटी’ ठेवली की झालं. एका गोष्टीला तीन नावं असली तर वाचक थोडा अडखळतो, पण अंदाजाने पुढे जातो. एकाच नावाखाली तीन गोष्टी असल्या की तो अडखळतही नाही, चुकीचं समजून पुढे जातो. मला शोधायच्या आहेत त्या या दुसऱ्या प्रकारच्या जागा.

१२ जानेवारी

पहिली सापडली, आणि सर्वांत मोठी हीच असणार: ‘गुण’.

मराठीत गुण म्हणजे अंगचं वैशिष्ट्य, आणि गुण म्हणजे मिळालेले मार्कही. ‘दरी’त पात्राचे चार गुण आहेत: बळ, चपळाई, बुद्धी, धीर. ‘समुद्र’त गुण म्हणजे प्रवासाअंती मिळणारा अनुभव, जो खर्चून पात्र सुधारतं. ‘वाडा’त फाशांच्या बेरजेलाच गुण म्हटलंय. मग ‘वाडा’च्या चौथ्या प्रकरणात वाक्य येतं: “अंधारात असाल तर २ गुण कमी करा.” लेखिकेच्या मनात होतं की बेरजेतून २ वजा करा, फक्त त्या वेळेपुरते.

‘दरी’ खेळून ‘वाडा’कडे आलेल्या एका गटाने हेच वाक्य वाचून पात्राच्या चपळाईतून २ खोडले. तीन बैठका ते पात्र प्रत्येक कसोटीत हरत राहिलं. शेवटी ती खेळाडू मला म्हणाली, “मला वाटलं हा खेळच असा आहे, माणसाला हळूहळू मोडणारा.” तिने नियम नीट वाचला होता. वाक्यातच दोन अर्थ होते.

निर्णय: नियमांच्या वाक्यात ‘गुण’ हा शब्द कुठेही नाही. पात्राची ती ‘क्षमता’, फाशांची ती ‘बेरीज’, कमावलेला तो ‘अनुभव’. वर्णनात एखाद्या सरदाराच्या अंगी शंभर गुण असोत, तिथे हात लावायचा नाही.

१५ जानेवारी

‘पातळी’ मोजली. पात्राची पातळी, मंत्राची पातळी, धोक्याची पातळी, आणि ‘वाडा’त “तळघराची खालची पातळी”.

या शब्दाचा त्रास छंदाइतकाच जुना आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा छापून आलेला पहिला भूमिकाखेळ १९७४ साली आला, आणि तेव्हापासून ‘लेव्हल’ हा एकच शब्द पात्र, मंत्र, राक्षस आणि भुयाराचा मजला या चौघांना वापरला गेला. त्याच्या १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने उघड लिहिलंय की पात्रासाठी ‘रँक’, मंत्रासाठी ‘पॉवर’ आणि राक्षसासाठी ‘ऑर्डर’ असे वेगळे शब्द करायचा विचार होता, पण लोकांना सवय झाली म्हणून चारही अर्थांना ‘लेव्हल’च राहू दिलं. त्याच परंपरेतून निघालेल्या ‘पाथफाइंडर’ने २०२३ च्या सुधारित आवृत्तीत मंत्रांची ‘लेव्हल’ बदलून ‘रँक’ केली. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी. सवय झाली म्हणून आज सोडून दिलेला शब्द पुढे किती महाग पडतो ते यात दिसतं. आमची तीनच पुस्तकं आहेत. बदलायचं तर आत्ताच.

पात्राची ती ‘पायरी’. मंत्राची ‘तीव्रता’. इमारतीचा तो साधा मजला. राहिला गाठायचा आकडा.

१६ जानेवारी

गाठायच्या आकड्यावर पूर्ण दिवस गेला.

‘दरी’त तो काठिण्यपातळी आहे. परीक्षेमुळे सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द, पण त्याच्या पोटात ‘पातळी’ बसलेलीच आहे. ‘लक्ष्य’ घ्यावं, तर ज्याच्यावर बाण मारायचा तेही लक्ष्यच, आणि “लक्ष्य ९ असेल तर” यात नऊ शत्रू आहेत की नऊचा आकडा, कळेना. मग मला ‘उंबरठा’ सुचला आणि खूप आवडला. उंबरठा ८, बेरीज ८ किंवा जास्त आली की उंबरठा ओलांडला. कागदावर लिहूनही टाकला.

संध्याकाळी ‘वाडा’ची लेखिका म्हणाली, “अगं, माझ्या खेळात भूत उंबरठा ओलांडू शकत नाही. तो खराखुरा लाकडी उंबरठा आहे. त्यावर अख्खं प्रकरण उभं आहे.”

काढून टाकला. चांगला शब्द म्हणजे ऐकायला सुंदर शब्द असं मी धरून चालले होते. मालिकेसाठी चांगला शब्द म्हणजे चारही जगांत ज्याची वस्तू कुठे पडलेली नाही असा शब्द. ठरलं: ‘काठिण्य’. काठिण्य ८, काठिण्य १०. जरा कोरडा आहे, पण कुठल्याही वाड्यात, जहाजात किंवा यानात काठिण्य नावाची वस्तू सापडणार नाही.

२१ जानेवारी

इंग्रजी नियमपुस्तकांना एक सोय आहे जी आपल्याला नाही: मोठं अक्षर. ‘पाथफाइंडर’च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘स्ट्राइक’ मोठ्या एसने लिहिलं की ती नियमातली कृती, लहान एसने लिहिलं की साधं क्रियापद. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही. आपला शब्द वर्णनात आणि नियमात सारखाच दिसतो.

तीन मार्ग करून पाहिले. प्रत्येक संज्ञा ठळक केली तर पान ठिपक्याठिपक्यांचं दिसतं आणि डोळा कुठेच ठरत नाही. अवतरणचिन्हं लावली तर वाचताना प्रत्येक शब्द बोट दाखवून म्हटल्यासारखा वाटतो. तिसरा मार्ग असा की संज्ञा जिथे पहिल्यांदा सांगितली तिथेच ठळक करायची, आणि पुढे तो शब्द नियमांच्या परिच्छेदात दुसऱ्या कुठल्याच अर्थाने येऊ द्यायचा नाही. हा मार्ग सर्वांत कष्टाचा, कारण पहारा आपणच द्यायचा. तोच घेतला.

यातून पुढचं एक आलं. मोठी अक्षरं असती तर दोनशे संज्ञा केल्या तरी चाललं असतं. आपण राखून ठेवलेला प्रत्येक शब्द सूत्रधाराच्या, म्हणजे टेबलावर गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याच्या, तोंडून काढून घेतलेला असतो. ‘प्रसंग’, ‘सावली’, ‘जखम’, ‘भीती’ हे सगळे राखीव केले तर गोष्ट सांगायची कशाने? आज यादीत १३१ शब्द आहेत. ती यादी कोश म्हणून छापावी असं मला कालपर्यंत वाटत होतं. आता तिला कात्री लावायची आहे.

२८ जानेवारी

‘डाव’. ‘दरी’त डाव म्हणजे सगळ्यांनी एकदा खेळून होणारी फेरी. ‘समुद्र’त डाव म्हणजे एका खेळाडूची पाळी. ‘वाडा’त “रात्रीचा डाव” म्हणजे अख्खी बैठक.

घोटाळा मोजून बघायला एक लढत कागदावर मांडली. क्रम असा: नावाडी, शिकारीण, लांडगा, वैद्य. वैद्य लांडग्यावर जाळं टाकतो, आणि नियम म्हणतो की लांडगा “एक डाव” अडकतो. ‘दरी’च्या अर्थाने डाव म्हणजे चालू फेरी, आणि वैद्य शेवटचा असल्यामुळे ती तिथेच संपते. लांडगा पुढच्या फेरीत मोकळा, जाळं फुकट. ‘समुद्र’च्या अर्थाने वैद्याची पाळी पुन्हा येईपर्यंत जाळं टिकतं आणि लांडग्याची एक पाळी हुकते. जाळं शिकारिणीने टाकलं असतं तर दोन्ही अर्थांनी लांडगा एकदा हुकला असता. म्हणजे चूक कधी दिसते, कधी दिसत नाही, आणि टेबलावर ती नशिबाच्या नावावर खपून जाते.

वेळेचे शब्द या खेळांत पहिल्यापासून निसटते राहिलेत. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७० च्या दशकाअखेरच्या ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीत एक ‘राउंड’ एका मिनिटाचा होता आणि दहा राउंडांचा मिळून एक ‘टर्न’. त्या ‘टर्न’चा कुणाच्या पाळीशी संबंध नव्हता. पुढे २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत राउंड सहा सेकंदांचा झाला आणि ‘टर्न’ म्हणजे एकाची पाळी. जुने खेळाडू आणि नवे खेळाडू एकच शब्द बोलत आणि वेगळी घड्याळं बघत.

आमचं: ‘पाळी’ एकाची, ‘फेरी’ सगळ्यांची, ‘प्रसंग’ गोष्टीतला एक तुकडा, ‘बैठक’ त्या दिवसाचं खेळणं. कुणी घडवलेला परिणाम टिकतो तो “तुमच्या पुढच्या पाळीच्या सुरुवातीपर्यंत” किंवा “प्रसंगभर”. तिसरं काही नाही. फेरी फक्त मोजायला: जहाज ५ फेऱ्यांत बुडेल. डाव नियमांतून बाद.

३ फेब्रुवारी

‘डाव’ बदलायला बसले आणि भाषेने अडवलं. डाव पुल्लिंगी, पाळी आणि फेरी स्त्रीलिंगी. “हा डाव संपला की त्याचा परिणाम जातो” याचं “ही पाळी संपली की तिचा परिणाम जातो” होतं. एक शब्द बदलला की दर्शक सर्वनाम बदलतं, क्रियापद बदलतं, पुढच्या वाक्यातलं सर्वनामही बदलतं. शोधा-आणि-बदला हे बटण इथे निरुपयोगी आहे. प्रत्येक वाक्य उघडून, वाचून, पुन्हा लिहायचं. आज ‘दरी’ची ४० पानं झाली.

६ फेब्रुवारी

निदान चुका शोधायला तरी यंत्राची मदत घ्यावी म्हणून पायथन या संगणकभाषेत छोटी स्क्रिप्ट लिहिली: बाद केलेला शब्द दिसला की पान आणि ओळ सांगायची. तिच्यात तीन अडचणी आल्या, पुढे कुणी हे करेल त्याच्यासाठी लिहून ठेवते.

एक, विभक्ती. चाचणी शोधली तर चाचण्या, चाचण्यांत, चाचण्यांना सुटतात. प्रत्येक संज्ञेची सगळी रूपं हाताने लिहून यादी केली. कंटाळवाणं, पण एकदाच करायचं.

दोन, शब्दाची सीमा. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये (मजकुरात नमुना शोधायची सोय) काना, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षर धरलं जात नाही. त्यामुळे ‘वार’ हा पूर्ण शब्द शोधायला सांगितला की ‘वारा’ सापडतो, ‘परिवार’ सापडतो, आणि ‘वारंवार’ तर दोनदा. सीमेचं चिन्ह सोडून दिलं. मजकूर मोकळ्या जागांवर आणि विरामचिन्हांवर तोडायचा आणि प्रत्येक तुकडा रूपांच्या यादीशी जुळवायचा.

तीन, ‘पायऱ्या’ आणि ‘फेऱ्या’. हा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘समुद्र’ची जुनी फाइल दुसऱ्या तऱ्हेची निघाली आणि तिच्यातल्या सगळ्या ‘फेऱ्या’ स्क्रिप्टच्या हातून सुटत होत्या. आधी चारही फाइली एका तऱ्हेत आणल्या, मग शोध.

११ फेब्रुवारी

हल्ला. २०१४ च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये “मिली वेपन अटॅक” आणि “अटॅक विथ अ मिली वेपन” (मिली म्हणजे हातघाईचा) या दोन शब्दप्रयोगांचे अर्थ वेगळे होते: मोकळ्या मुठीचा ठोसा पहिल्यात बसे, दुसऱ्यात नाही. आमच्या ‘दरी’त अगदी असंच ‘शस्त्रहल्ला’ आणि ‘शस्त्राने केलेला हल्ला’ आहे, लेखकाने फक्त वाक्याची चाल बदलावी म्हणून लिहिलेलं. शाळेत आपल्याला शिकवतात की तोच शब्द पुन्हा नको, समानार्थी वापरा. नियम लिहिताना ही सवय मुद्दाम मोडावी लागते. तोच शब्द दहा वेळा आला तरी येऊ द्यायचा.

कृतीचं नाव ‘वार’. हल्ला शब्द मोकळा सोडला: लांडग्यांनी गावावर हल्ला केला, सूत्रधाराने खुशाल म्हणावं.

१२ फेब्रुवारी

‘दरी’च्या लेखकाला वरचं पटलं नाही. “गद्य मेलं,” म्हणाला. त्याचा मुद्दा खोटा नाही. तडजोड: नियम सांगणारं वाक्य कोरडं, त्याखालचं उदाहरण त्याच्या हातचं. उदाहरणात तो हवं तसं लिहील, फक्त आकडे आणि राखीव शब्द नियमाप्रमाणे.

१९ फेब्रुवारी

‘-वे’ प्रत्ययाची वाक्यं. “खेळाडूने फासे टाकावेत.” टाकलेच पाहिजेत, की टाकले तर बरं? मराठीत हे रूप आज्ञाही देतं आणि सल्लाही. इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ यांचे अर्थ एका छोट्या दस्तऐवजात बांधून टाकले, तसं आपल्याला क्रियापदांच्या रूपांनी करता येतं. सक्ती असेल तर आज्ञार्थ: “फासे टाका.” मुभा असेल तर “टाकू शकता.” ‘-वे’ फक्त सूत्रधाराला सल्ला देताना. तिन्ही पुस्तकांत मिळून ‘-वे’ची बरीच वाक्यं होती, आणि निम्म्या वेळा खुद्द लेखकांनाही सक्ती होती की सल्ला ते आठवून ठरवावं लागलं. दोन नियम या चर्चेत चक्क बदलले.

याच्याच जोडीला “तुम्ही मरता” हे सगळीकडे “तुमचं पात्र मरतं” केलं. आधी एकाच परिच्छेदात ‘तुम्ही’ म्हणजे कधी खुर्चीवरचा माणूस, कधी पानावरचा.

२६ फेब्रुवारी

प्राण. इथे मी चुकले होते, आणि ते कसं ते नीट लिहायला हवं.

चारही खेळांत दहा चौकटींची एक ओळ आहे. नुकसान झालं की चौकट खोडायची, दहाही खोडल्या की पात्र बाहेर. एकसारखेपणाच्या भरात मी चारही ठिकाणी ‘प्राण’ केलं. काल ‘वाडा’ नव्या मजकुरावर खेळून पाहिला. जिन्यावरून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, सूत्रधार म्हणाली “दोन प्राण जातात”, आणि टेबलावरची भीती एकदम विरली. कुणी घाबरलं नाही, सगळ्यांनी आकडा खोडला. एकाने विचारलंसुद्धा, “लागलं कुठे?”

जुन्या ‘वाडा’त तिथे ‘धीर’ होता, आणि तोच बरोबर होता. वागणूक एक असली तरी ती गोष्ट एक नव्हती.

हे आधी सोडवलेलं आहे, मला उशिरा आठवलं. ‘व्हॅम्पायर’, ‘वेअरवुल्फ’, ‘मेज’ हे एकाच जगातले भूमिकाखेळ १९९१ पासून एकामागून एक आले आणि प्रत्येकाने स्वतःचं नियमपुस्तक आणलं. २००४ मध्ये त्या जगाची नवी मांडणी झाली तेव्हा सर्वांसाठी एक मूळ पुस्तक केलं. त्यात माणसाची ‘मोरॅलिटी’ ही एक पट्टी होती. रक्तपिपासूंच्या पुस्तकात तिच्या जागी ‘ह्युमॅनिटी’ आली, लांडगेमाणसांकडे ‘हार्मनी’, जादूगारांकडे ‘विज्डम’. खाच एकच, तिच्यात बसणारं नाव प्रत्येक खेळाचं आपलं.

म्हणून: गाभ्याच्या नियमांत ती ओळ म्हणजे ‘साठा’. प्रत्येक खेळ पहिल्या पानावर सांगतो की आमचा साठा कशाचा. ‘दरी’ आणि ‘समुद्र’त प्राण, ‘वाडा’त धीर, ‘अवकाश’त हवा. “साठ्यातून २ खोडा” हे वाक्य चारही पुस्तकांत चालतं, आणि सूत्रधार मात्र म्हणते, “तुझा धीर सुटतोय, दोन खोड.”

एक गाठ सोडवली की दुसरी बसते: ‘दरी’त धीर ही क्षमता आहे. ती आता ‘निश्चय’.

५ मार्च

यादी १३१ वरून ३८ वर आली. ‘दडून बसणे’, ‘चढणे’, ‘समजूत घालणे’ अशा कितीतरी नोंदी गेल्या. त्या कसोटीची उदाहरणं होत्या, संज्ञा नव्हत्या. एखादा शब्द ठेवायचा की नाही याला माझी परीक्षा एकच: हा शब्द वगळून साध्या भाषेत सांगितलं तर दोन टेबलं वेगळं खेळतील का? नसतील खेळणार, तर तो शब्द गोष्टीला परत.

‘रोल’बद्दल वाद झाला. खेळताना सगळे “रोल कर” म्हणतात, मग पुस्तकात का नाही? मी सारीपाटाकडून ‘दान’ आणायला उत्सुक होते, “दान पडलं ९” कानाला किती छान लागतं. पण ‘समुद्र’त देवळाला दान देण्याचा नियम आहे. उंबरठ्याचा धडा ताजा होता, म्हणून हट्ट केला नाही. पुस्तकात “फासे टाका”, तोंडी ज्याला जे रुचेल ते.

१८ मार्च

जुनी पुस्तकं ज्यांच्याकडे आहेत त्यांचं काय? त्यांना नवं घ्यायला लावणं बरोबर नाही. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाने २००९ मध्ये “खेळातून काढून टाका”ऐवजी ‘एक्झाइल’ आणि “खेळात”ऐवजी ‘बॅटलफील्ड’ आणलं, पण जुने पत्ते बाद केले नाहीत. पत्त्यावर काहीही छापलेलं असो, अधिकृत चालू मजकूर लागू. आम्ही दोन पानांचा तक्ता करतोय: पुस्तक, जुना शब्द, नवा शब्द. ‘डाव’ तीनदा येतो, तीन पुस्तकांसमोर तीन वेगळे शब्द. ‘गुण’ही तसाच. हा तक्ता मोफत देणार.

२ एप्रिल

‘अवकाश’चा मसुदा आला. लेखकाने ३८ शब्दांची यादी समोर ठेवून लिहिलाय, आणि स्क्रिप्टने १२० पानांत फक्त चार जागा दाखवल्या. त्याने एक नवा शब्द मागितला आहे: यानातला दाब कमी होणं. परीक्षा लावली. प्रसंगभर हवेच्या साठ्यातून खोडत जायचं, एवढंच आहे ते. नवा शब्द लागला नाही. त्यालाही पटलं.

१६ एप्रिल

नवख्या गटाबरोबर एकाच दिवशी ‘दरी’ आणि ‘वाडा’. दुसऱ्या खेळाचे नियम समजावायला आधीच्या तुलनेत फार कमी वेळ लागला. “कसोटी, काठिण्य ९” म्हटल्यावर कुणी पुस्तक उघडलं नाही. अंधारातल्या त्या नियमावर मुद्दाम थांबले: “अंधारात असाल तर बेरजेतून २ वजा करा.” गटातल्या एका मुलीने फासे टाकले, ९ मधून २ काढले, ७ सांगितले. चपळाईला हात लावला नाही.

२७ एप्रिल

छपाईच्या फाइली पाठवायच्या आधीची शेवटची फेरी. स्क्रिप्ट तीन पुस्तकांवर शांत. ‘समुद्र’वर एक इशारा: पान ६१, ‘डाव’. उघडून पाहिलं. कैदी आणि कप्तान रात्रभर बुद्धिबळाचा डाव मांडून बसलेत, आणि पहाटे कैदी म्हणतो की हा डाव अर्धाच राहू दे. तसाच ठेवला. फाइली पाठवल्या.